मिशरीची दहा मिनिटे

माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीला, नखाच्या कडेने, अठ्ठावीस वर्षे एक काळी रेघ होती. साबणाने, लिंबाच्या फोडीने, चुलीतल्या राखेने घासूनही ती पुरती जात नसे. अंगणवाडीच्या नोंदवहीत लिहायला बसले की ते बोट मी मधल्या बोटाखाली दुमडून घेत असे, आणि ही लपवाछपवी इतकी अंगवळणी पडली होती की माझे अक्षर त्यामुळेच तिरपे झाले, असे माझी लेक म्हणते. मी मिशरी लावत होते. हे एवढेसे वाक्य घराबाहेरच्या कुणापाशी उच्चारायला मला वयाची चाळिशी ओलांडावी लागली.

ज्यांनी मिशरी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तंबाखू लोखंडी तव्यावर कोरडीच, काळी कुळकुळीत होईपर्यंत भाजतात. त्या वेळी असा धूर उठतो की डोळे चुरचुरतात, घशाला ठसका लागतो आणि वास बोळाच्या दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचतो. गार झाल्यावर ती बोटांनी चुरून किंवा पाट्यावर वाटून तिची पूड करायची, बामाच्या किंवा पावडरीच्या रिकाम्या डबीत भरून ठेवायची, आणि चिमूटभर पूड तर्जनीवर घेऊन दात घासल्यासारखी हिरड्यांवर फिरवत राहायची. नाव दात घासण्याचे असते, पण हिरड्यांतून रक्तात उतरते ते निकोटीनच, आणि म्हणूनच सकाळी एकदा लावणारी बाई काही वर्षांत दिवसाला सात-आठ वेळा लावू लागते. पुरुष चारचौघांत तंबाखू मळतो, बाई मागच्या दाराशी मिशरी लावते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसे कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत असल्याचे आढळले होते, आणि त्यांतल्या बहुतेकांची तंबाखू बिडी-सिगारेटची नसून तोंडात धरण्याची किंवा लावण्याची होती. त्या आकड्यात माझ्यासारख्या मागच्या दाराच्या बायकाही आहेत.

मी तेरा वर्षांची असताना माझी दाढ किडली. आजीने आपल्या डबीतली चिमूट माझ्या बोटावर ठेवली आणि म्हणाली, "लाव, कीड मरंल." पहिल्या दिवशी डोके गरगरले, ओकारी झाली, पण ठणका थांबल्यासारखा वाटला, आणि घरात ती वस्तू औषध म्हणूनच आलेली असल्यामुळे मला कुणी अडवले नाही. वर्षभरात दाढ काढून टाकावी लागली, मिशरी मात्र राहिली. लग्न होऊन कोयनेच्या काठच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच पहाटे सासूबाईंनी काही न बोलता आपली डबी मागच्या पायरीवर माझ्या बाजूला सरकवली. आम्हा सासू-सुनेचे जे काही चांगले जमले त्याची सुरुवात त्या पायरीवर झाली, हे मी नाकारणार नाही. पहाटे चूल पेटण्याआधी, दुपारी भांडी झाल्यावर आणि रात्री झाकपाक आटोपल्यावर आम्ही दोघी तिथे बसत असू, आणि तेवढ्या वेळात आम्हाला कुणी हाक मारत नसे. मिशरी लावणाऱ्या बाईचे तोंड भरलेले असते, तिला ओ देता येत नाही, हे घरातल्या लहानापासून थोरापर्यंत सर्वांना ठाऊक असते. आमच्याकडे बाई नुसती बसलेली दिसली की तिला काम सांगतात, मिशरी लावत बसलेली असली की सांगत नाहीत. इतकी उघड गोष्ट मला व्यसन सोडायला निघाल्यावर दिसली, त्याआधी कधीही दिसली नव्हती.

२००७ साली मी अंगणवाडी सेविका झाले. आमच्या कामात वजनकाट्याला फार मान आहे. मूल चड्डीच्या झोळीत बसवायचे, काटा स्थिर होईपर्यंत त्याच्याशी बोलत राहायचे, आणि काटा ज्या रेघेवर थांबेल तो आकडा वहीत लिहायचा. टांगत्या काट्यावरची एक बारीक रेघ म्हणजे शंभर ग्रॅम. महिनाभर आईने जीव टाकून भरवलेल्या लेकराचा काटा एका रेघेने पुढे सरकला की घरात गोड होते, आणि एका रेघेने मागे आला की आई कार्डाकडे बघत उभी राहते, हे मी शेकड्याने पाहिले आहे.

२०२२ मध्ये एका प्रशिक्षणात डॉक्टरांनी मुंबईतल्या १,२१७ गरोदर बायकांच्या अभ्यासाची माहिती दिली. तो अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झालेला आहे, आणि त्यात तंबाखू घेणाऱ्या ज्या बायका होत्या त्यांच्यापैकी बहुतेक मिशरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचे जन्माच्या वेळचे वजन इतर बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले होते, आणि ती बाळे सरासरी सहा दिवस आधी जन्मली होती. शेजारच्या सेविका आकडे उतरवून घेत होत्या. मी बोट दुमडून बसले होते. एकशे पाच ग्रॅम म्हणजे माझ्या काट्यावरची एक रेघ आणि वर थोडेसे. माझी लेक जन्मली तेव्हा तिचे वजन दोन किलो तीनशे ग्रॅम होते, आणि अडीच किलोच्या आतले बाळ आम्ही कमी वजनाचे म्हणून नोंदवतो. तिचे वजन मिशरीमुळेच कमी भरले असे कुणालाही छातीठोकपणे सांगता येणार नाही, कारण त्या वर्षी घरात दूधही पुरेसे नव्हते. परंतु त्या नऊ महिन्यांत मी डबी एक दिवसही बाजूला ठेवली नव्हती, हे मला पक्के आठवत होते.

एवढे कळूनही मी सोडली नाही. कळणे आणि सुटणे यांच्यामध्ये किती मोठे अंतर असते, हे मला इथे मुद्दाम नोंदवावेसे वाटते, कारण "एवढं शिकून तुम्हाला कळत नाही का?" असे व्यसनी माणसाला सर्रास विचारले जाते. त्याला कळत असते. आठ महिने मी ते आकडे डोक्यात घेऊन दिवसातून नऊ वेळा डबी उघडत होते. मग २०२३ च्या फेब्रुवारीत एका गरोदर सुनेला मी मिशरीबद्दल समजावून सांगत असताना तिने माझ्या हाताकडे पाहिले आणि म्हणाली, "ताई, तुमी बी लावताच की." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. उलट ती थोडी सुखावली होती, की आपण एकट्याच नाही. त्या सुखावण्यानेच मला घरी जाईपर्यंत रडू आवरेना.

सोडण्याआधी मी चार दिवस फक्त मोजले. जुन्या वहीच्या शेवटच्या पानावर, दरवेळी लावली की एक रेघ ओढायची आणि तिच्यापुढे वेळ, जागा व सोबतीला कोण होते ते लिहायचे, असे ठरवले. कमी करायची नाही, लपवायची नाही, फक्त लिहायची. दिवसाला सरासरी नऊ रेघा झाल्या. त्या नऊंपैकी खरी तलफ तीनच वेळा येत होती : उठल्यावर, जेवणानंतर आणि झोपण्याआधी. बाकीच्या सहा निराळ्याच होत्या. अहवालासाठी कार्यालयातून फोन आला की एक, चहाचे आधण ठेवले की एक, नणंदेशी शब्दाला शब्द लागला की एक. दोनदा तर मला इच्छाही झालेली नव्हती, कोनाड्यावरून जाताना हात आपोआप आत गेला होता. अठ्ठावीस वर्षांच्या सवयीचा इतका मोठा भाग माझ्या हाताने आणि घरातल्या जागांनी चालवला होता, हे पाहून मला धक्का बसला आणि धीरही आला.

तंबाखूच्या पुडीवरच सोडण्यासाठीच्या मदतीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक छापलेला असतो. ती पुडी मी वर्षानुवर्षे फोडत आले होते आणि तो क्रमांक कधी वाचला नव्हता. मराठीतून बोलणाऱ्या बाईंनी माझ्याकडून तारीख ठरवून घेतली, तलफ काही मिनिटांतच ओसरते, तेवढी मिनिटे पाणी पीत, जागा बदलत काढायची, असे समजावले, आणि ठरलेल्या दिवसानंतर स्वतःहून फोन केला. १३ मार्च २०२३ ही माझी तारीख. आदल्या रात्री डबीतली पूड मी चुलीच्या राखेत ओतली.

तिसरा दिवस सर्वांत वाईट गेला. कपाळ दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखे दुखत होते, तोंडाला सारखे पाणी सुटत होते, आणि कितीही चूळ भरली तरी हिरड्या पोकळ झाल्यासारख्या वाटत होत्या. अंगणवाडीत एका पोराने खिचडी सांडली म्हणून मी इतक्या मोठ्याने ओरडले की मदतनीस बाईंनी मला हाताला धरून बाहेर नेऊन बसवले. रात्री झोप नाही, सकाळी पोट साफ नाही. पोटाचे गाऱ्हाणे क्षुल्लक वाटेल, पण आमच्याकडच्या कितीतरी बायका केवळ त्या एका कारणासाठी पुन्हा मिशरीकडे वळतात, "लावल्याबिगर पोटच साफ हुईत न्हाई" म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे खोटे नसते. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी मला नीट समजावले की निकोटीन आतड्यांची हालचाल वाढवते आणि ते बंद झाल्यावर आतडी काही आठवडे मंदावतात. त्यांनी गरम पाणी, पालेभाजी आणि रात्री भिजवलेल्या मनुका सांगितल्या, आणि तलफेसाठी दोन मिलिग्रॅमचे निकोटीनचे च्युइंगम दिले. ते गोळीसारखे चघळत राहायचे नसते. सावकाश चावून, तिखटपणा जाणवला की गालात धरून ठेवायचे आणि तो ओसरला की पुन्हा चावायचे. पहिल्या दिवशी मी ते भराभर चावले आणि उचक्यांनी बेजार झाले.

एकवीस दिवस काढले की कोणतीही सवय सुटते, असे मी कुठेतरी ऐकले होते आणि त्यावर माझी श्रद्धा होती. एकविसावा दिवस उजाडला तेव्हा तलफ आलीच, तशीच, आणि मला फसवल्यासारखे वाटले. पंचविसाव्या दिवशी, ६ एप्रिलला, चैत्री पौर्णिमेच्या यात्रेसाठी मी माहेरी गेले. दुपारी जेवणावळी उठल्या, आणि परसात आत्या तव्यावर मिशरी भाजायला बसली. तो वास नाकात शिरला, आणि वय, नोकरी, काटा, आकडे सगळे एका क्षणात पुसले जाऊन मी त्या पाच-सहा जणींच्या गोलात जाऊन बसले. आत्याने डबी पुढे केली. मी घेतली. चव आठवत होती तितकी चांगली नव्हती, डोके गरगरले, पण त्या गोलात बसल्याचे सुख पूर्वीइतकेच होते. दोन दिवस मी तिथे राहिले आणि दोन्ही दिवस लावली.

परतल्यावर मी लेकीला सगळे सांगितले. ती महाविद्यालयात शिकते. रागावेल असे वाटले होते, पण तिने मोबाईलवर शोधून लंडनमधल्या एका अभ्यासाची माहिती वाचून दाखवली. शहाण्णव माणसांनी रोज एक नवी चांगली गोष्ट करायचे ठरवले होते, आणि ती आपसूक होऊ लागायला साधारण सहासष्ट दिवस लागले होते. कुणाला अठरा दिवस पुरले, तर कुणाच्या बाबतीत हा हिशेब दोनशे चोपन्न दिवसांपर्यंत गेला. मधला एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडायची थांबली नव्हती, हेही त्यात होते. मी तिला ते पुन्हा वाचायला लावले, कारण मला त्यात एक वेगळीच गोष्ट दिसली होती. ती माणसे नवी सवय लावून घेत होती, जुनी मोडत नव्हती. मी पंचवीस दिवस फक्त मोडत होते. मिशरी काढून टाकली आणि तिच्या जागी काहीच ठेवले नाही. एवढेच नव्हे तर तलफ येऊ नये म्हणून मागच्या पायरीवर जाणेही सोडले, समोरच्या अंगणात उभ्याउभ्या ब्रश करून सहाच्या आत कामाला लागू लागले. मिशरीबरोबर मी माझी दहा मिनिटेही फेकून दिली होती, आणि आत्याच्या गोलात मी त्या दहा मिनिटांसाठी जाऊन बसले होते.

दुसऱ्या खेपेला, ९ एप्रिलला, मी सुरुवात पायरीपासून केली. पायरीच्या डाव्या बाजूचा दगड आम्हा दोघींच्या थुंकण्याने काळपट तपकिरी झाला होता. सासूबाई जाऊन सहा वर्षे झाली होती, पण त्यांच्या बाजूचे डागही तसेच होते. सोडा आणि काथ्या घेऊन मी तो दगड तासभर घासला. पूर्ण निघाला नाही. मग पायरीसमोरच्या दहा फुटांच्या पट्ट्यात अळू, मेथी आणि शेवग्याची एक फांदी लावली. अंगणवाडीत परसबागेचे महत्त्व मी इतरांना सांगतच होते. ठरवले ते एवढेच : पहाटे साडेपाचला तांब्याभर कोमट पाणी घेऊन त्याच पायरीवर बसायचे, पाणी संपवायचे, आणि मग बोटे मातीत घालायची. तण उपटायचे, वाळकी पाने खुडायची, वाफ्यातली ढेकळे फोडायची. माझ्या तर्जनीला काम हवे होते, ते तिला दिले.

कठीण काय गेले म्हणाल तर घरच्यांचे. पहिल्याच पहाटे मी पाणी घेऊन बसले आणि आतून हाक आली, "रिकामीच बसलीयेस तर चहा टाक की." हाक मारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हते. अठ्ठावीस वर्षे माझे तोंड भरलेले होते म्हणून मला सूट होती, आता तोंड मोकळे होते. मी उठले, चहा टाकला, आणि त्या दिवशी तलफेने दुपारपर्यंत पिच्छा सोडला नाही. तीन-चार दिवस असेच गेले. शेवटी एका रात्री जेवताना मी सर्वांसमोर सांगितले की सकाळी, दुपारी आणि रात्री मी दहा-दहा मिनिटे पायरीवर बसणार आहे, मिशरी लावत असताना जशी हाक मारत नव्हता तशीच आताही मारायची नाही, आणि चहा ज्याला लवकर हवा असेल त्याने टाकावा. ताटांवर क्षणभर शांतता पसरली. दुसऱ्या दिवसापासून पहाटेचा चहा माझे यजमान करू लागले. आजही तेच करतात, आणि थोडा गोड करतात.

माझ्या मते व्यसनमुक्तीच्या सल्ल्यांत ही बाजू फारच कमी येते. बडीशेप खा, लवंग चघळा, मन दुसरीकडे वळवा, हे सगळे उपयोगाचे आहे आणि मीही ते केले. पण बाईने मन वळवायचे ते कोणत्या वेळात, आणि तो वेळ तिला कोण देणार, हा प्रश्न तिच्या एकटीच्या निर्धारावर सोडून चालत नाही. घरातल्यांनी तिला बसू द्यावे लागते.

सहासष्टाव्या दिवशी विशेष काही घडले नाही. दुपारची तलफ जूनअखेरीस गेली, रात्रीची गणपतीच्या सुमारास. पहाटेची सर्वांत शेवटी, आणि ती कधी गेली हे मला सांगता येत नाही. अळूच्या पानावरचे पाणी झटकताना एकदा लक्षात आले की बरेच दिवस ती आलेली नाही. च्युइंगम तीन महिन्यांत हळूहळू कमी करत बंद केले होते. मधल्या काळात दातांच्या डॉक्टरांनी खालच्या ओठाच्या आत एक पांढुरका डाग दाखवला होता आणि सहा आठवड्यांनी परत बोलावले होते. मिशरी थांबल्यावर असा डाग काही वेळा आपोआप जातो आणि काही वेळा जात नाही, न गेल्यास तुकडा काढून तपासावा लागतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. ते सहा आठवडे मी रोज आरशात ओठ उलटून पाहत होते. माझा डाग गेला. तरी वर्षातून दोनदा तोंड दाखवून येते, आणि ज्या बायका अजून लावतात त्यांनाही सोबत घेऊन जाते. सोडली नसली तरी तपासणी करून घ्यावी, असा माझा आग्रह असतो.

आत्याकडे यात्रेला पुढच्या वर्षीही गेले. तवा चुलीवर चढताना मी उठले आणि वास ओसरेपर्यंत देवळाला चक्कर मारून आले. परत येऊन त्याच गोलात बसले, हातात बडीशेपेची वाटी होती. आत्याने डबी पुढे केली नाही. वाटीत मात्र हात घातला.

"तुमी बी लावताच की" म्हणणारी ती सून आता दुसऱ्या खेपेची आहे, सातवा महिना चालू आहे. गेल्या तीन महिन्यांपासून रविवारी पहाटे ती माझ्या पायरीवर येऊन बसते. आली तेव्हा दिवसाला सात वेळा लावत होती. मी तिला माझ्यासारखाच कागद दिला आहे आणि रेघा तिची तीच ओढते. पहिले दोन रविवार आम्ही फारसे बोललोच नाही, मेथीतले तण काढत बसलो. तिच्या घरी सासूने पहाटेची हाक बंद करावी म्हणून मी दोनदा जाऊन आले, दुसऱ्यांदा सासू माझ्याबरोबर तिच्या मागच्या दारापर्यंत आली आणि तिथली जागा दाखवून म्हणाली, "बसू दे हितं, म्या बघते चुलीकडं." परवाच्या रविवारी सुनेने कागद माझ्या हातात दिला. त्यावर आठवड्याच्या सहा रेघा होत्या, सगळ्या पहाटेच्या, आणि गुरुवारची जागा कोरी होती.